अक्षर कोणी काढायचे?

'कुड नॉट ओपन डिफॉल्ट फॉन्ट फिक्स्ड.' नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षे लिनक्स वापरणाऱ्याच्या पडद्यावर ही ओळ उमटली, की सगळे तिथेच थांबे. खिडक्या नाहीत, माउसचा बाण नाही. यंत्र ठणठणीत, डिस्कवरचे सगळे जागच्या जागी, आणि तरीही एका फॉन्टपायी अख्खा डेस्कटॉप अडून बसलेला. आज हे विचित्र वाटते. एक्स विंडो प्रणाली ज्या काळात घडली, त्या काळाच्या हिशेबाने मात्र ते सरळ होते.

एक्सचा जन्म १९८४ सालचा, एमआयटीतला. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि पुढची काही दशके तीच टिकली. पडदा, कीबोर्ड आणि माउस एका सर्व्हरच्या ताब्यात. प्रोग्रॅम त्याच यंत्रावर असो वा नेटवर्कवरच्या दुसऱ्या, त्याने फक्त सांगायचे की अमुक जागी अमुक फॉन्टमधले अमुक अक्षर काढ. फॉन्ट सर्व्हरकडे, अक्षर काढणारा सर्व्हरच. रेड हॅटसारख्या वितरणांत फॉन्ट पुरवायला 'एक्सएफएस' नावाचा वेगळा प्रोग्रॅम असे. तो सुरू झाला नाही की 'फिक्स्ड' हा मूळ फॉन्ट सापडत नसे, आणि तो नाही तर एक्सही नाही.

इंग्रजीपुरते हे झकास चालले. प्रोग्रॅमने फॉन्ट उघडला की सर्व्हर त्यातल्या प्रत्येक अक्षराची मापे त्याला पाठवून देई: रुंदी, उंची, डावी-उजवी कड, एका अक्षरामागे १२ बाइट. २५६ अक्षरांच्या फॉन्टला ३ किलोबाइट पुरत. मग युनिकोड आले. त्याच्या पहिल्या ६५,५३६ घरांचा पूर्ण तक्ता ७,८६,४३२ बाइटांचा होतो, म्हणजे नेमका पाऊण मेगाबाइट. पडद्यावर चारच शब्द दाखवायचे असले तरी मापे सगळ्यांची. शिवाय ठळक ठशाची वेगळी, मोठ्या आकाराची वेगळी, आणि हे प्रत्येक प्रोग्रॅमगणिक. ३२ मेगाबाइट मेमरीच्या यंत्राला हा भार जाणवल्याशिवाय राहत नसे.

देवनागरीचे दुखणे आणखी खोल होते. जुन्या एक्सला एवढेच ठाऊक, की एका क्रमांकाला एक आकृती. आपली लिपी तशी चालत नाही. 'कि' लिहिताना क आधी टंकायचा, पण वेलांटी दिसायची त्याच्या डावीकडे. जोडाक्षरांत आकृत्या बदलतात, काही गळून पडतात. मराठीत तर 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या घळी. फरक सगळा त्या आडव्या रफारात, आणि तो साधायला युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. ही जुळणी करणारे कोणी मध्ये नसेल, तर वेलांटी उजवीकडे लोंबते आणि हलन्त उघडे पडतात.

मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने याच प्रश्नाला हात घातला. तिच्या 'इंडिक्स' प्रकल्पाचा विचार धाडसी होता: प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दुरुस्त करण्यापेक्षा भारतीय लिप्यांची जुळणी थेट एक्सच्या थरातच बसवावी, म्हणजे वरचे सगळे प्रोग्रॅम आपोआप शहाणे होतील. सोबतीला सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'रघू' फॉन्ट होता. विचार पक्का होता, पण तोवर एक्सच्या जगाने नेमकी उलटी दिशा धरली होती.

ही दिशा दिली एक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर कीथ पॅकर्ड यांनी. २००० च्या सुमारास त्यांनी एक्सला 'रेंडर' ही जोड दिली आणि तिच्यावर 'एक्सएफटी' उभे केले. आता फॉन्टची फाइल प्रोग्रॅम स्वतः उघडू लागला. फ्रीटाइप या लायब्ररीकडून तो अक्षर रंगवून घेई आणि लागतील तेवढ्याच आकृत्या सर्व्हरकडे धाडी. पाऊण मेगाबाइटचा तक्ता संपला, कडा मऊ झाल्या, आणि जुळणीची जागा प्रोग्रॅमकडे आली. जीटीके या साधनसंचावर बांधलेल्या प्रोग्रॅमांसाठी ते काम 'पँगो' करू लागले. २००२ सालच्या जीनोम २ या डेस्कटॉपमध्ये मराठी मजकूर वाचता येऊ लागला, तो यामुळे.

पण ओझे नाहीसे झाले नव्हते, दुसरीकडे सरकले होते. प्रत्येक प्रोग्रॅम आता फॉन्टची यादी स्वतः बाळगू लागला. फॉन्टकॉन्फिग ही लायब्ररी ती यादी जमवते. पुढे तिच्या कॅश फाइलची मांडणी अशी केली गेली, की मेमरीतली एकच प्रत सगळे प्रोग्रॅम वाटून वापरू शकतील. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत तर 'मॉझ डिसेबल पँगो' हा चल (व्हेरिएबल) ठेवला होता. तो लावला की ब्राउझर हलका होई, म्हणून वेग वाढवण्याच्या सल्ल्यांत तो हमखास असे. देवनागरी वाचणाऱ्याला मात्र तो सल्ला महागात पडे.

मेमरी नेमकी कोण खातो, हे शोधणेही सोपे नव्हते. 'टॉप' ही आज्ञा लावली की एक्स सर्वांत वर दिसे. त्या आकड्यात ग्राफिक्स कार्डाची जोडलेली मेमरी आणि इतर प्रोग्रॅमांनी त्याच्याकडे ठेवलेली चित्रेही धरलेली असत. 'एक्सरेसटॉप' हे साधन ती चित्रे कोणाची, हे सांगे. वाटून घेतलेल्या मेमरीचा न्याय्य हिशेब २००८ मध्ये, २.६.२५ या कर्नेलमधून आला. 'पीएसएस' या मापात सामायिक पान जितके प्रोग्रॅम वापरतात तितक्यांत विभागून मोजले जाते. त्याआधी तीच फॉन्ट-लायब्ररी दहा प्रोग्रॅमांच्या खात्यावर दहादा पूर्ण लागत असे, आणि निष्पाप प्रोग्रॅमवर खापर फुटे.

जुळणीच्या बाबतीत एकवाक्यता यायला आणखी वेळ लागला. जीटीकेचे पँगो, क्यूटी या दुसऱ्या साधनसंचाची स्वतःची यंत्रणा, ओपनऑफिसमधली आयसीयू लायब्ररी. एकच शब्द तीन खिडक्यांत तीन तऱ्हांनी दिसू शके. बेहदाद एस्फहबोद यांनी नव्याने लिहिलेल्या 'हार्फबझ'ने ही फाटाफूट मिटवली. २०१२ मध्ये पँगो त्यावर आले, मागोमाग क्यूटी आणि लिब्रेऑफिसही. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये तर पडदा सांभाळणाऱ्याला फॉन्टशी देणेघेणेच उरले नाही. त्याला मिळते ती रंगवून तयार झालेली खिडकी.

त्यामुळे आज अक्षर बिघडले तर तपासही प्रोग्रॅम आणि फॉन्टकॉन्फिग यांच्यापाशीच करायचा. 'एफसी-मॅच' ही आज्ञा मराठीसाठी कोणता फॉन्ट निवडला जातो ते सांगते. फॉन्ट योग्य निघाला आणि तरीही 'ल' नि 'श' हिंदी वळणाचे दिसले, तर बहुधा यंत्राची भाषा इंग्रजी ठेवलेली असते. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळवावे लागते. भाषा मराठी केली, की त्याच फॉन्टमधून मराठी वळणाचा 'ल' समोर येतो.