पुन्हा पहिल्या पायरीवर

माणसाने एकदा काय व्हायचे ते व्हावे आणि निवृत्तीपर्यंत तेच राहावे, अशी माझी आजवर प्रामाणिक समजूत होती. मी बी.कॉम. झालो, बँकेत कारकून झालो आणि गेली 22 वर्षे कारकूनच आहे. या काळात जाडजूड लेजरं गेली, संगणक आले, मॅनेजर तर इतके आले-गेले की काहींची नावं आठवायला जुने रजेचे अर्ज काढावे लागतात. रोहण्याच्या शाखेत बदलले नाहीत ते दोघेच : मी आणि माझ्या डोक्यावरचा पंखा.

या समजुतीला गेल्या रविवारी आमच्या चिरंजीवांनी सुरुंग लावला. दिवाळीपासून तो संगणकावर एक खेळ खेळतो आहे. त्यात एक योद्धा आहे. राक्षस कापून कापून चिरंजीवांनी त्याला तिसाव्या पातळीवर नेला होता. (अभ्यासातली पातळी विचारू नये.) रविवारी पाहतो तर योद्ध्याचे चिलखत गायब, हातात काठी, आणि एक साधा उंदीर त्याला लोळवतो आहे.

"अरे, आजारी आहे का हा?"

"नाही बाबा, मी त्याचा क्लास बदलला. आता तो जादूगार आहे. पातळी पहिली."

तिसावरून पहिली! माझ्यातला कारकून कळवळला. "म्हणजे सगळी सीनियॉरिटी गेली? पगाराचं फिटमेंट तरी नीट केलं का?"

काउंटरवर फाटकी नोट सरकवणाऱ्याकडे आम्ही जसे पाहतो, तसे चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले.

व्हाउचरशिवाय एंट्री मानायची नाही हा आमचा शिरस्ता. म्हणून मी या प्रकाराचा इतिहास धुंडाळला. तो निघाला अमेरिकेत. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ काढला. जो तो आपली जात... चुकलो, आपला पेशा निवडतो : योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर. 1978 साली त्याच्या मोठ्या आवृत्तीचे नियमपुस्तक आले. त्यातला पेशा बदलण्याचा नियम आमच्या बँकेच्या परिपत्रकापेक्षाही कडक आहे. नवा पेशा धरला की पहिल्या पातळीपासून आरंभ. नवी पातळी जुनीच्या वर जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरलीत तर त्या मोहिमेचे गुण बाद. आणि गंमत म्हणजे ही मुभा फक्त माणसाला. एल्फ, ड्वार्फ वगैरे मंडळी एकाच वेळी दोन पेशे चालवू शकतात, पण एक सोडून दुसरा धरणे हे माणसाचेच काम. हे वाचून मी थोडा वेळ पंख्याकडे पाहत बसलो.

1981 साली 'विझर्ड्री' या संगणकावरच्या खेळाने आणखी पिळले. तिथे पेशा बदलला की पातळी पहिली, अंगचे गुण घसरून तळाला, आणि वर वयात काही वर्षांची भर! शिकलेले मंत्र मात्र राहतात. 1988 साली जपानच्या 'ड्रॅगन क्वेस्ट थ्री'मध्ये या कामासाठी चक्क एक देऊळ आले. विसाव्या पातळीनंतर तिथे जायचे, पुजाऱ्याला सांगायचे आणि निम्मी ताकद घेऊन पुन्हा पहिलीत बसायचे.

खेळ अमेरिका-जपानचा खरा, पण आमच्या वर्धा जिल्ह्यात तो कितीतरी आधीपासून चालू आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज. 1918 साली सरकारने त्यांना रायबहादूर केले. 1921 साली असहकारात त्यांनी ती पदवी परत केली आणि शेठजींचे सेवक झाले. पण इथे अमेरिकेचा नियम लागू पडला नाही. व्यापाऱ्याची जुनी विद्या त्यांनी टाकली नाही. काँग्रेसचा खजिना वर्षानुवर्षे त्यांनीच सांभाळला.

दुसरे बाबा आमटे. जन्म 1914, आमच्याच हिंगणघाटचा. जमीनदाराचे घर, वरोऱ्याला वकिली. एकदा पावसात पडलेला एक महारोगी त्यांना दिसला आणि हा न घाबरणारा गडी भिऊन पळाला. ती भीतीच मग त्यांना झोपू देईना. ते परत आले, त्या माणसाची सेवा केली, आणि पुढे पस्तिशीच्या घरात कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या अभ्यासक्रमाला बसले. चांगला चालता वकील पुन्हा बाकावर! आनंदवन त्यानंतरचे.

आमच्या कारकून बिरादरीची लाज राखणारेही एक आहेत. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. आई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. 1879 साली त्यांनी लेखणी ठेवून शस्त्र उचलले. आमची एखादी रजा नामंजूर झाली तर आम्ही फार तर चहा पीत नाही.

आता मुख्य एंट्रीकडे येतो. माझ्या ड्रॉवरमध्ये गेला महिनाभर पदोन्नतीचा अर्ज पडून आहे. याआधी तीनदा मी तो भरला नाही. अधिकारी झाले की बदली आली. मी सर्वांना सांगत आलो की माझा या गावावर जीव आहे, पीककर्जाच्या दिवसांत माझ्यावाचून इथे अडेल. परवा हेच आमच्या शिपायाला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी गेल्यावर रोहण्याची बँक काई बंद नाई पडत."

खरे कारण त्याने ओळखले होते, सौ.ने तर फार पूर्वीच. मला गावाचा मोह नव्हता, भीती होती. शेहेचाळिसाव्या वर्षी परक्या शाखेत जायचे आणि पंचविशीतल्या पोराला विचारायचे, "सर, हे कसं करतात?" त्या उंदराने मला लोळवले असते, एवढेच.

त्या रात्री चिरंजीवांना विचारले, "इतकं सगळं घालवून तुझ्या जादूगाराला मिळालं काय?"

"बाबा, पुढचा राक्षस तलवारीनं मरतच नाही."

अर्ज भरला. शुक्रवारी दिला. अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीला आमच्या बँकिंगमध्ये काय म्हणतात ठाऊक आहे? स्केल वन! घरी सांगितले तेव्हा चिरंजीवांना प्रथमच माझ्या नोकरीत रस वाटला.

आणि त्या जपानी खेळातला एक नियम सांगायचा राहिला. तिथे ऋषी व्हायचे तर एक दुर्मीळ ग्रंथ मिळवावा लागतो. अपवाद एकालाच : जो विसाव्या पातळीपर्यंत नुसत्या टवाळक्या करत आला, त्या सोंगाड्याला. त्याला ग्रंथ माफ. माझी 22 वर्षे भरली आहेत. सौ. म्हणते, ऋषी नंतर व्हा, आधी बदलीच्या सामानाची यादी करा.