‘या कारणावरून’: जमाव आणि कायद्याची भाषा

नोव्हेंबर २००६ मध्ये खैरलांजीच्या निषेधाची निदर्शने अमरावतीपर्यंत पोहोचली आणि येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मृत्युमुखी पडला. दलित साहित्य शिकवताना त्या दिवसांचा विषय निघतो, तेव्हा आम्हांला हटकून अटलांटा आठवते.

तेथे १९१३ साली पेन्सिलीच्या कारखान्याचा यहुदी व्यवस्थापक लिओ फ्रँक याच्यावर तेरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा खटला चालला. बाहेर जमाव एवढा खवळलेला की निकाल वाचताना आरोपीने व त्याच्या वकिलांनी उपस्थित राहू नये, असे न्यायाधीशांनीच सुचवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हस्तक्षेप नाकारला. अपिलाची पायरी झाली, म्हणजे प्रक्रिया पार पडली! गव्हर्नर स्लेटन यांनी फाशीऐवजी जन्मठेप दिली. १७ ऑगस्ट १९१५ रोजी तुरुंगातून पळवून नेऊन फ्रँकला झाडाला लटकवण्यात आले. त्यात प्रतिष्ठित नागरिक होते. एकावरही खटला झाला नाही. न्यायमूर्ती होम्स यांचे भिन्नमत १९२३ च्या मूर बनाम डेम्प्सी खटल्यात बहुमत झाले, पण फ्रँक तेव्हा उरला नव्हता.

खैरलांजीत क्रम वेगळा होता. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियांका या एका मारहाणीच्या प्रकरणातील साक्षीदार होत्या. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, जमावाने दोघींना व रोशन, सुधीर या मुलांना ठार मारले. भैयालाल तेवढे वाचले. म्हणजे जमावाचा रोख येथे साक्षीवरच होता.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. मात्र अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा २५ वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली आणि हेतू सूडाचा मानला, जातीचा नव्हे. भाषेच्या अभ्यासकांनी येथे थांबावे असे आम्हांस वाटते. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे, अशी तेव्हाच्या कलमाची शब्दरचना होती. आता, सूड आणि जात हे दोन वेगळे डबे कोणत्या गावात असतात? दलित स्त्रीने पोलिसांपुढे बोट दाखवले, याचा राग जातीवाचून निपजतो काय? कलम मात्र एकच कारण मागत होते, आणि ज्या समाजात जात उच्चारावीच लागत नाही तेथे ते सिद्ध करायचे होते.

पुढे २०१५ च्या दुरुस्तीने ती शब्दरचना बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ‘माहीत असताना’ केलेला गुन्हा, एवढे आता पुरते. दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. भैयालाल भोतमांगे यांचे निधन २० जानेवारी २०१७ रोजी झाले. त्यांच्या घरच्यांच्या खटल्याला मात्र जुनाच शब्द लागू राहिला.