आकुर्डीची स्कूटर आणि संरक्षणाची भिंत

१/ मारुंजीच्या एका अंगाला हिंजवडीची संगणकनगरी, दुसऱ्या अंगाला पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकणचे कारखाने. यांतील जुना कारखानदारी पट्टा वाढला तो संरक्षक धोरणाच्या आडोशाने. त्याची किंमत कोणी मोजली? #थ्रेड

२/ जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे परदेशी भाग जोडून मोटारी तयार करी. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरविले की, भाग येथेच घडविण्याची योजना नसलेल्यांनी नुसती जोडणी थांबवावी. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला.

३/ बजाज १९४८ पासून स्कूटर आयात करीत असे. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्जोच्या तंत्रसाहाय्याने आकुर्डीत स्कूटर बनू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली.

४/ आयात जवळजवळ बंद आणि देशात किती गाड्या काढायच्या, तेही परवान्याने ठरलेले. परिणामी ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे, कधी दहा वर्षेही, थांबे. संरक्षणाची किंमत त्याने मोजली.

५/ मात्र याच काळात १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. भोसरीच्या लहान कारखान्यांतून ओतकाम, दातेचक्रे, जिग-फिक्श्चर यांत हात तयार झाले. ही कमाईही खरीच.

६/ ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याच्या मोटरसायकली आल्या. १९९१ मध्ये आयातकराचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला गेला. २००७ पर्यंत बिगरशेती मालावर तो साधारण १० टक्के झाला. १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’च्या उद्योगपतींनी समान संधी मागितली, राहुल बजाज त्यांत अग्रभागी होते.

७/ त्यांच्याच कंपनीने २००१ मध्ये ‘पल्सर’ आणली. आज तिच्या गाड्या सत्तरहून अधिक देशांत जातात. हात आडोशाने घडले, पण त्यांना धार आली ती स्पर्धेने.

८/ आता भिंत समोरून उभी राहते आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेने मोटारींच्या अनेक सुट्या भागांवर २५ टक्के कर लावला. तिकडे माल धाडणाऱ्या लघुउद्योजकाला दर कमी करावा लागतो किंवा ऑर्डर गमवावी लागते.

९/ म्हणून कोणत्याही आयातकराविषयी, तो दिल्लीचा असो वा वॉशिंग्टनचा, दोन प्रश्न विचारावेत: तो किती काळासाठी, आणि तोवर त्याचा भार कोणी सोसायचा? परवान्याच्या काळात या प्रश्नांना उत्तर नव्हते, म्हणून रांग इतकी लांबली.