निर्देशसूचीतील हरवलेली खूण : विज्ञानवाङ्मयाच्या एका शोधसाधनाचा इतिहास

एखाद्या विषयावर पूर्वी कोणी काय लिहिले आहे, हा प्रश्न संशोधकापुढे कार्यारंभीच उभा राहतो. आणि जे लिहिले गेले ते पुढे टिकले की नाही, हा त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न अधिक अवघड असतो. पहिल्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस दिलेल्या संदर्भांवरून बऱ्याच अंशी मिळते, कारण प्रत्येक लेख आपल्या पूर्वसूरींकडे बोट दाखवीत असतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या लेखात असणे शक्यच नाही; ते त्यानंतरच्या लेखांत विखुरलेले असते. हे विखुरलेले उल्लेख गोळा करून, मूळ लेखाच्या नावाखाली त्याचा निर्देश करणाऱ्या उत्तरकालीन लेखांची यादी देणारे साधन म्हणजे संदर्भनिर्देश-सूची होय. आज ही सूची संगणकावर क्षणार्धात उलगडते आणि तिच्यातील आकड्यांवरून लेखाचे, नियतकालिकाचे, किंबहुना लेखकाचेही मोल ठरविले जाते. परंतु तिचा उगम विज्ञानात नसून कायद्यात आहे, आणि तेथून विज्ञानात येताना तिच्यातील एक महत्त्वाची गोष्ट मागे राहिली.

ज्या न्यायपद्धतीत पूर्वीचे निवाडे बंधनकारक मानले जातात, तेथे एखादा निवाडा आजही ग्राह्य आहे की नाही, हे वकिलाला पदोपदी पाहावे लागते. रद्द झालेल्या निवाड्याचा आधार घेतल्यास पक्षकाराचे नुकसान ठरलेलेच. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये या अडचणीवर एक साधा तोडगा काढला. त्यांनी डिंक लावलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या छापल्या. एखाद्या निवाड्याचा उल्लेख पुढील कोणकोणत्या निवाड्यांत आला, हे त्यांवर नमूद असे व वकील त्या आपल्या ग्रंथांच्या समासात चिकटवीत. पुढे या चिठ्ठ्यांची जागा बांधीव खंडांनी घेतली. या खंडांचे वैशिष्ट्य केवळ यादीत नव्हते. प्रत्येक उल्लेखाच्या आरंभी एखादे अक्षर असे आणि त्यावरून पुढील न्यायालयाने पूर्वीचा निवाडा अनुसरला, त्यावर टीका केली, तो प्रस्तुत प्रकरणापासून वेगळा मानला, की सर्वस्वी उलटविला, हे कळत असे. ही अक्षरे घालण्यासाठी कायद्याचे जाणकार संपादक प्रत्येक निवाडा वाचीत असत.

उल्लेखाकडे पाहण्याची ही दृष्टी भारतीय विद्येच्या अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. त्यातील ग्रंथकारांच्या कालनिर्णयात, कोणी कोणाचा उल्लेख केला, हा पुरावा वारंवार येतो. ज्याने विज्ञानेश्वराचे नाव घेतले तो विज्ञानेश्वरानंतरचा, हे त्यातील सूत्र. परंतु उल्लेखावरून काळ ठरतो, प्रामाण्य ठरत नाही. कारण निबंधकार पूर्वसूरींचे मत जसे आधारासाठी घेतो तसेच खंडनासाठीही घेतो. पूर्वपक्ष म्हणून शंभर वेळा मांडलेले मत त्या शंभर उल्लेखांमुळे सिद्धान्त होत नाही.

विज्ञानात उल्लेखांची मोजणी सूचीच्या आधीच सुरू झाली होती. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयातील ग्रॉस दांपत्याने १९२७ मध्ये, महाविद्यालयीन ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, या प्रश्नाचा विचार केला. त्यासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९२६ च्या खंडातील ३६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचा निर्देश किती वेळा येतो ते पाहिले. मर्यादित पैशांत काय विकत घ्यावे, एवढाच प्रश्न तेथे होता. त्या कामापुरती संख्या पुरेशी होती.

संदर्भनिर्देश-सूची विज्ञानात आणण्याचे श्रेय यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांचे. १९५० नंतरच्या काही वर्षांत ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकीय वाङ्मयाच्या सूचीकरणाच्या प्रकल्पात काम करीत होते. शेपर्ड यांच्या नावाने चालणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले विल्यम अडेअर यांनी १९५३ मध्ये त्या प्रकल्पाकडे पत्र पाठवून कायद्यातील पद्धतीकडे लक्ष वेधले. जुलै १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गारफील्ड यांचा प्रसिद्ध लेख आला. त्यातील मुख्य चिंता आजच्या वाचकाला काहीशी अनपेक्षित वाटेल. लबाडीने तयार केलेली, अपुरी अथवा कालबाह्य झालेली माहिती संशोधक डोळे मिटून उद्धृत करतात. पूर्वीच्या लेखावर नंतर कोणी आक्षेप घेतला हे त्यांना सहज कळले, तर हा दोष टळेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे मूळ कल्पनेत ही सूची प्रथम सावधगिरीचे साधन होती. उत्तेजन अनेक वर्षे बेताचेच मिळाले. नोबेल पारितोषिक मिळालेले आनुवंशिकीतज्ज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५९ मध्ये या कल्पनेत रस घेतला, तेव्हा चक्रे फिरू लागली. १९६१ च्या वाङ्मयावर आधारलेली पहिली सूची १९६३ मध्ये तयार झाली. तीत ६१३ नियतकालिके व सुमारे १४ लाख संदर्भ होते. १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने ती फिलाडेल्फियाहून नियमित निघू लागली.

शोधाच्या दृष्टीने या सूचीने केलेली क्रांती खरी होती. विषयवार सूचीत शोध घेणाऱ्याला सूचीकाराची परिभाषा ठाऊक असावी लागते; आणि विज्ञानात परिभाषा सतत बदलते. येथे मात्र एक परिचित लेख हाती असला की पुरे. त्याच्या संदर्भांवरून मागे जाता येते, त्याचा निर्देश करणाऱ्या लेखांवरून पुढे येता येते, आणि दूरच्या विषयात झालेला उपयोगही दृष्टीस पडतो. समान संदर्भ असलेले दोन लेख एकमेकांच्या जवळचे असतात, हे केसलर यांनी १९६३ मध्ये दाखविले; जे दोन लेख वारंवार एकत्र उल्लेखिले जातात तेही जवळचे, हे स्मॉल यांनी १९७३ मध्ये. आजच्या संगणकीय सूच्यांतील ‘संबंधित लेख’ सुचविण्याच्या सोयीमागे या कल्पनांचा मोठा वाटा आहे.

परंतु कायद्यातील ती अक्षरे या सूचीत आली नाहीत. लक्षावधी संदर्भ यंत्रात भरणारे कर्मचारी लेख वाचीत नव्हते आणि तेवढे तज्ज्ञ वाचक नेमणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. हा अभाव गारफील्ड यांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. संदर्भ का दिले जातात याची पंधरा कारणे त्यांनी स्वतःच नोंदविली होती. त्यांत ऋणनिर्देश होता, पद्धतीचा उल्लेख होता, तसेच इतरांची चूक दुरुस्त करणे व मताचे खंडन करणे हेही होते. १९७५ मध्ये मोराव्हसिक व मुरुगेसन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मधील तीस लेखांचे संदर्भ तपासले, तेव्हा सुमारे दोन-पंचमांश निर्देश निव्वळ औपचारिक आढळले आणि सुमारे एक-सप्तमांश विरोधदर्शक.

खूण नसली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा लाउरी व सहकाऱ्यांचा १९५१ मधील लेख २०१४ पर्यंत तीन लाखांहून अधिक वेळा निर्देशिला गेला. तो उपयुक्त खराच. पण ही संख्या प्रयोगशाळेतील रोजच्या कामाची आहे, सिद्धान्ताच्या थोरवीची नव्हे. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा वेकफील्ड व सहकाऱ्यांचा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ मध्ये आला आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात त्याचा निर्देश करणारी ११५३ लेखने आढळली. त्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी त्याचा उल्लेख प्रतिकूल अर्थाने केला होता. नुसती संख्या पाहणाऱ्यास मात्र हा लेख मोठा प्रभावशाली वाटेल.

संख्येला याहून मोठे अधिकारपद मिळाले ते ‘इम्पॅक्ट फॅक्टर’मुळे. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेल्या निर्देशांस त्या लेखांच्या संख्येने भागून येणारा हा अंक. गारफील्ड व आयर्विंग शेर यांनी सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी तो योजिला होता; ग्रॉस दांपत्याचा ग्रंथालयाचा प्रश्नच येथे नव्या रूपात होता. पण तोच अंक पुढे नेमणुका व बढत्या यांचे माप झाला. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने या वापरास उघड विरोध केला. ‘वेब ऑफ सायन्स’ १९९७ मध्ये व ‘स्कोपस’ २००४ मध्ये आल्यावर आकडे सर्वांच्या हाती आले होते, त्यामुळे मोह वाढलाच होता. भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ मध्ये योजिलेल्या ‘केअर’ यादीत, जिचे केंद्र पुणे विद्यापीठात होते, या दोन सूच्यांतील नियतकालिकांचा स्वतंत्र गट असे. ती यादी आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आणि निवडीचा भार पुन्हा संस्थांच्या विवेकावर आला.

गेल्या काही वर्षांत यंत्राच्या साहाय्याने प्रत्येक निर्देश समर्थक आहे की विरोधी, हे दाखविणाऱ्या सूच्याही निघाल्या आहेत. शेपर्ड यांची अक्षरे दीडशे वर्षांनी परतू पाहत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही निवाडा वाचणाऱ्या संपादकाचे काम अखेर अभ्यासकालाच करावे लागते. सूचीतून लेख शोधावेत. त्यांपैकी महत्त्वाचे वाटतील ते उघडून, मूळ लेखाचा उल्लेख कोणत्या वाक्यात व कोणत्या हेतूने आला आहे ते पाहावे. आणि मूळ लेख मागे घेतला गेला आहे काय, याची खात्री करावी. सूची वाट दाखविते. त्या वाटेवर कोण अनुयायी म्हणून आला आणि कोण प्रतिवादी म्हणून, हे वाचल्यावाचून कळत नाही.