गोष्टीचे गारूड आणि भ्यालेले मूल

एखादी कथा मनात भरली की मराठी समीक्षक तिच्या 'गारुडा'विषयी बोलू लागतो. वाचक 'मंत्रमुग्ध' झाला, लेखकाने त्याला 'भारून टाकले', अशी वाक्ये आपण सर्वांनीच कधी ना कधी लिहिलेली आहेत. ही सारी शब्दसंपदा मांत्रिकाच्या झोळीतली आहे, याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. हे शब्द केवळ अलंकार आहेत, की कथा ऐकणे आणि संमोहित होणे यांत खरोखरच काही नाते आहे, हा प्रश्न आम्हाला पडला तो यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या निमित्ताने.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो. भोवती कापसाची शेते, जवळच टिपेश्वरचे जंगल, आणि त्यांच्या आधाराने राहणाऱ्या गोंड, कोलाम, परधान, बंजारा वस्त्या. गेल्या शतकाच्या अखेरीपासून हा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ओळखला जाऊ लागला. २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. पुढे २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगावच्या रानात एका वाघिणीच्या दहशतीने माणसे शेतात जाईनाशी झाली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. कर्जाचा हिशेब होतो, मृत्यूचा पंचनामा होतो, मदतीच्या रकमेची नोंद होते. त्याच घरात रात्री दचकून उठणाऱ्या मुलाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्याच्या उशाशी कोण बसते आणि काय सांगते, हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तितकाच साहित्याचाही आहे, असे आम्हास वाटते.

या प्रश्नाचा इतिहास शोधू गेल्यास वाट गोव्यात जाते. आधुनिक संमोहनशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, जोझे कुस्तोदियो फारिया ऊर्फ आबे फारिया, ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी येथे जन्मला. कोवळ्या वयातच तो वडिलांबरोबर लिस्बनला गेला आणि पुढे रोममध्ये शिकून धर्मगुरू झाला. त्याच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात आजही सांगितली जाते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनास उभा राहिलेला हा तरुण श्रोत्यांचा थाट पाहून गांगरला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा व्यासपीठाजवळ असलेले वडील हळूच कोकणीत पुटपुटले, की समोर बसले आहेत ती सगळी भाजी आहे, तू आपली भाजी काप. क्षणार्धात मुलाची भीती गेली आणि तो अस्खलित बोलू लागला.

ही आख्यायिकाच आहे. तिला पुरावा मानण्याचे कारण नाही. परंतु तिची रचना पाहण्यासारखी आहे. वडिलांनी 'भिऊ नकोस' असा उपदेश केला नाही. त्यांनी एका वाक्यात एक चित्र दिले, भयाण सभेची स्वयंपाकघरातली टोपली केली, आणि हे सारे दरबाराच्या भाषेत न करता घरच्या भाषेत केले. जगातील सर्वांत लहान बालकथा म्हणून या वाक्याचा उल्लेख करावयास हरकत नसावी.

फारिया पॅरिसला गेला तेव्हा मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा वाद तेथे अजून जिवंत होता. प्रयोगकर्त्याच्या देहातून एक अदृश्य द्रव रुग्णाकडे वाहतो, असे मेस्मरपंथीय मानीत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने (बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे तिचे सदस्य होते) असा द्रव मुळात नाहीच, जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे, असा निर्वाळा दिला. समितीच्या दृष्टीने 'कल्पनाशक्ती' हा शब्द म्हणजे प्रकरण निकालात काढणे होते. फारियाने नेमके तेथूनच पुढे पाऊल टाकले. १८१३ पासून त्याने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले आणि प्रतिपादिले, की सामर्थ्य प्रयोगकर्त्यात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या एकाग्रतेत असते. प्रयोगकर्ता केवळ निमित्तमात्र. नगराने त्याची टर उडवली, त्याच्यावर प्रहसन रंगभूमीवर आले, आणि १८१९ साली तो विपन्नावस्थेत वारला. त्याचे ग्रंथकर्तृत्व त्याच वर्षीचे. पुढे अलेक्झांडर द्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये त्याचे नाव एका वृद्ध कैद्याला दिले. हताश झालेल्या तरुण सहबंद्याला तो अंधारकोठडीत ज्ञान देऊन जगवतो.

पणजीस १९४५ साली उभारलेला फारियाचा पुतळा मात्र नेमकी उलट गोष्ट सांगतो. रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या या प्रभावी शिल्पात हात पसरलेला फारिया वरून झेपावतो आहे आणि खाली एक स्त्री कोसळते आहे. सारे सामर्थ्य त्या हातांत! ज्याने आयुष्यभर 'हात महत्त्वाचे नाहीत' असे सांगितले, त्याची स्मृती हातांनीच जपली गेली. आपली साहित्यसमीक्षाही असेच शिल्प घडवीत आली आहे. लेखक भारतो आणि वाचक भारला जातो. ऐकणाऱ्याचे काय कर्तृत्व असते, हे आपण क्वचितच विचारतो.

विसाव्या शतकातील संशोधन फारियाच्या बाजूचे आहे. स्टॅनफर्डच्या जोसेफिन हिलगार्ड यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की सहज संमोहित होणाऱ्या व्यक्तींमध्ये बालपणापासून वाचनात, नाट्यात, कल्पनेच्या खेळात रंगून जाण्याची सवय वारंवार आढळते. लहान मुले मोठ्यांपेक्षा अधिक सहजतेने संमोहित होतात, हेही आता सर्वमान्य आहे. गेल गार्डनर आणि कॅरन ऑलनेस यांचा मुलांच्या संमोहनोपचारावरील ग्रंथ १९८१ चा. मुलांवर असे उपचार करणारे तज्ज्ञ लंबक हलवीत बसत नाहीत. ते मुलाला त्याच्या आवडत्या जागेची, आवडत्या प्राण्याची गोष्ट सांगतात, किंबहुना त्याच्याकडूनच ती सांगवून घेतात. मूल डोळे उघडे ठेवते, चुळबुळ करते, मध्येच गोष्ट दुरुस्तही करते. वेदना आणि भीती कमी करण्यास हा मार्ग उपयोगी पडतो.

हे वाचताना मराठी माणसाला आपली आजी आठवल्यावाचून राहणार नाही. कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट थेट 'लीळाचरित्रा'त, चक्रधरांच्या मुखी आढळते; म्हणजे किमान सातशे वर्षे ती मुलांना झोपवीत आली आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. रानात वाघ आहे, तो खाणार आहे, हे गोष्ट लपवीत नाही. पण म्हातारी भोपळ्यातून जाते, आणि मूल तीच गोष्ट रोज, त्याच शब्दांत मागते. एक शब्द बदलला तर ते रागावते. ऐकणाऱ्याचे कर्तृत्व ते हेच. ज्या गावाने खराखुरा वाघ पाहिला, तेथल्या मुलाला या गोष्टीतून धडा मिळत नसेल; भीतीला एक आकार मिळतो आणि तिला शेवट असतो हे कळते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी गोष्टीखाली 'तात्पर्य' छापून ऐकण्याची ही अवस्थाच मोडून टाकली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा प्रकरणांना 'रात्र' म्हटले हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. तिची चर्चा संस्काराच्या अंगाने होते. दिवेलागणीनंतर एकत्र बसून एक ओळखीचा आवाज ऐकणाऱ्या मंडळींच्या अंगाने होत नाही.

तरीही गोष्टीला औषध म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. कोट्यवधी मनांना धीर देणाऱ्या याच कथेकऱ्याने ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. गोष्टीने कर्ज फिटत नाही, गेलेला बाप परत येत नाही. आणि संमोहनोपचार हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे, बुवाबाजीच्या बाजारात त्याचे भलतेच रूप होते. गोष्ट करू शकते ते इतकेच, की भ्यालेल्या मुलाला स्वतःच्याच कल्पनाशक्तीचा हात धरू देते.

मात्र त्यासाठी ती त्याच्या भाषेत हवी. फारियाचा बाप लिस्बनच्या दरबारात कोकणी बोलला. पांढरकवड्याच्या शाळेत बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी कोलामी आहे, कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी गोरमाटी, तर कोणाच्या घरी वऱ्हाडी. त्यांना गोष्ट सांगितली जाते ती प्रमाण मराठीत, तात्पर्यासह. तेथे 'भाजी' हा शब्द कोणत्या भाषेत उच्चारावयाचा, हे आम्ही साहित्याचे अध्यापक ठरवणार आहोत की नाही?