न दिसलेली हिमनदी

१८३१ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. केंब्रिज विद्यापीठातील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ॲडम सेजविक उत्तर वेल्सच्या डोंगरांत हिंडत होते. बरोबर २२ वर्षांचा एक तरुण होता. नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला, किडेमुंग्या जमविण्याचा नाद असलेला. हिंडत हिंडत ही गुरुशिष्यांची जोडी कूम इडवाल नावाच्या एका दरीत येऊन पोहोचली. तिथल्या खडकांत जीवाश्म सापडतात का, हे त्यांना पाहायचे होते. तासन् तास त्यांनी एकेक खडक बारकाईने तपासला आणि मग ते निघून गेले. घरी परतल्यावर त्या तरुणाला एक पत्र मिळाले. त्या पत्रापायी तो ‘बीगल’ नावाच्या जहाजावरून जगाच्या सफरीवर गेला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

जीवाश्म शोधणाऱ्या त्या चार डोळ्यांपुढे आणखीही एक गोष्ट उघडीवाघडी पसरलेली होती. ती दोघांनाही दिसली नाही!

ती पाहायची तर, वाचकहो, आपणही त्या वाटेने जाऊ या. वाट अवघड नाही. ऑगवेन सरोवराजवळून निघाले की अर्ध्या तासात आपण ल्लिन इडवाल या लहानशा तळ्याशी पोहोचतो. सारी प्रदक्षिणा जेमतेम पाच किलोमीटरची. या तळ्यात इडवाल नावाच्या राजपुत्राला बुडवून मारले आणि तेव्हापासून एकही पाखरू त्याच्यावरून उडत नाही, अशी दंतकथा आहे. तीन बाजूंनी कडे उभे आहेत आणि चौथी बाजू मोकळी आहे. एखाद्या राक्षसाने बसायला आरामखुर्ची कोरावी, तसा एकूण आकार! अशा जागेला वेल्श भाषेत ‘कूम’ म्हणतात. पाठीमागच्या कड्यात एक काळी उभी चीर आहे. तिचे नाव ‘सैतानाचे स्वयंपाकघर’. ढग त्या चिरेतून वर येताना पाहिले, म्हणजे हे नाव ठेवणाराच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते.

आता पायाखाली पाहा. खडकाच्या पाठी घासून गुळगुळीत झाल्या आहेत, आणि त्यांवर एकाच दिशेने गेलेले ओरखडे आहेत. तळ्याच्या काठाने दगडमातीचे लहान लहान उंचवटे रांगेत बसले आहेत. मोठमोठे धोंडे कुणी आणून ठेवावेत तसे सुटे पडले आहेत. दरीच्या तोंडाशी उभे राहून खाली नांट फ्रँकनचे खोरे पाहिले, तर त्याचा तळ परातीसारखा सपाट आणि बाजू सरळ उभ्या दिसतात. नदीने कोरलेली दरी तळाशी निमुळती होत जाते. आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी दऱ्या तशा आहेत. हे काम पाण्याचे नव्हे, बर्फाचे आहे.

बर्फ तसा मऊ. पण शेकडो फूट जाडीचा बर्फ स्वतःच्या भाराने उतारावरून सरकू लागतो, आणि तळाशी अडकलेले दगड त्याचे दात होतात. मग तो कानशीसारखा डोंगर घासत खाली उतरतो. वितळला, की पोटातला सारा राडारोडा जागच्या जागी टाकून जातो. कूम इडवालमधला शेवटचा बर्फ सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी गेला. त्याने टाकलेले ढीग अजून तसेच आहेत.

हे कोडे प्रथम ज्याने सोडविले, त्या मंडळींत एक साधा डोंगरी माणूस होता. स्वित्झर्लंडच्या बान्य खोऱ्यात राहणारा झाँ-पिएर पेरोदँ डोंगरी बकऱ्यांची शिकार करून पोट भरी. आपल्या खोऱ्यातले धोंडे बर्फानेच वाहून आणले असले पाहिजेत, असे १८१५ साली त्याने शार्पांतिए या विद्वानाला सांगितले. विद्वानाला ते वेडगळपणाचे वाटले. व्हेनेत्झ नावाच्या इंजिनियराने मात्र ते ऐकून घेतले. त्याच खोऱ्यात १८१८ साली बर्फाने अडविलेले एक तळे फुटून हाहाकार झाला होता. ते पाणी आधीच सोडून देण्यासाठी बर्फातून बोगदा खणणारा माणूस हाच. बर्फाची ताकद त्याला पुस्तकातून शिकायची नव्हती. पुढे व्हेनेत्झने शार्पांतिएला पटविले, आणि शार्पांतिएची समजूत काढायला आलेला लुई अगासिझ स्वतःच त्या मताचा होऊन परतला! १८३७ साली न्यूशातेलच्या सभेत अगासिझने हिमयुगाची कल्पना मांडली, तेव्हा श्रोते संतापले. बायबलातला महापूर किंवा समुद्रावर तरंगणारे हिमखंड यांनीच हे धोंडे आणले, असे तोवर बहुतेकांचे मत होते.

जून १८४२ मध्ये डार्विन पुन्हा कूम इडवालला आला. दगड तेच होते, तळे तेच होते. पण मधल्या ११ वर्षांत अगासिझ वाचून झाला होता. या वेळी त्याला पावलोपावली बर्फाच्या खुणा दिसल्या, आणि त्याच वर्षी त्याने त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. तळ्याजवळच्या काही धोंड्यांना आज डार्विनचेच नाव आहे. आम्हां मास्तर लोकांनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. पाहणे हे नुसते डोळ्यांचे काम असते, तर सेजविकसारख्या गुरूच्या नजरेतून ती दरी सुटली नसती. आणि पुस्तकच सारे शिकवीत असते, तर पेरोदँच्या पदरी काहीच पडले नसते.

१९५४ साली ही दरी वेल्समधले पहिले राष्ट्रीय निसर्ग-अभयारण्य झाली. तिच्या कड्यांच्या कपारींत स्नोडन लिली हे नाजूक पांढरे फूल उगवते. जणू हिमयुगाची मागे राहिलेली लेकच! ‘कूम’ हा शब्द मात्र दूरवर गेला. १९२१ साली जॉर्ज मॅलरी या गिर्यारोहकाने, तोही शाळामास्तरच, एव्हरेस्टच्या कुशीतल्या हिमदरीला ‘वेस्टर्न कूम’ असे नाव दिले. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी त्याच दरीतून वर गेले.

हिमालयातला तो बर्फ अजून आहे, पण तोही मागे सरतो आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे निघालेल्या आपल्या यात्रेकरूंना वाटेवर दुतर्फा दगडमातीचे बांध आणि घासलेले खडक लागतात. १९३५ पासून गोमुख एक किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. ज्या जागी तेव्हा बर्फ होता, तिथे आज दगडधोंडे उघडे पडले आहेत. वेल्समध्ये ही गोष्ट घडून हजारो वर्षे झाली. इथे ती आपल्या आजोबा-नातवांच्या देखत घडते आहे. यात्रेला जाणाऱ्याने गंगाजल आणावेच; पण येताना त्या उघड्या पडलेल्या धोंड्यांकडेही एकदा नीट पाहून यावे.