आकस्मिक अतिजलद हृद्‌स्पंदन : निदान व उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

हृदयाची गती एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशे ठोक्यांवर जाणे आणि काही वेळाने तितक्याच अचानक पूर्ववत होणे, हे या विकाराचे प्रमुख लक्षण होय. रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत नाडी बहुधा सामान्य झालेली असते. त्यामुळे झटका प्रत्यक्ष हाती न लागणे ही निदानातील मूळ अडचण होती. तिच्यावर वैद्यकाने कशी मात केली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

वर्णनाकडून नोंदीकडे

१८६७ मध्ये लंडनचे रिचर्ड पेन कॉटन यांनी मिनिटाला २३२ ठोके पडणाऱ्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. १८८९ मध्ये फ्रान्समधील लेऑन बुव्हरे यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. तथापि नाडीवरून वेग कळे, त्याचा उगम कळत नसे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लायडेनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाचा विद्युत् आलेख विकसित केल्यावर हे चित्र पालटले. १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी अकरा रुग्णांचे आलेख मांडले. एरवी निरोगी असलेल्या या व्यक्तींच्या आलेखात झटका नसतानाही वेगळेपण दिसत होते. अलिंद व निलय यांना जोडणारा जन्मजात जादा मार्ग हे त्याचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डर्क ड्युरर व सहकाऱ्यांनी विद्युत् स्पंद देऊन असा झटका मुद्दाम सुरू करता व थांबवताही येतो, हे दाखविले. झटक्याची वाट पाहण्याची अपरिहार्यता त्यामुळे संपली.

उपचारांची वाटचाल

विद्युत् आवेग या मार्गांवरून वर्तुळाकार फिरत राहतो, हे उमगल्यावर उपचारांची दिशा निश्चित झाली. १९६८ मध्ये अमेरिकेत विल सीली यांनी शस्त्रक्रियेने जादा मार्ग छेदला. १९९१ मध्ये जॅकमन व सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन, रेडिओ-लहरींच्या उष्णतेने १६६ पैकी १६४ रुग्णांतील असे मार्ग निकामी केल्याचे नोंदविले. तात्काळ उपचारात ॲडेनोसिन हे औषध अलिंद-निलय गाठीतील वहन क्षणभर रोखून वर्तुळ तोडते. श्वास कोंडून जोर करण्याची जुनी युक्तीही टाकाऊ ठरली नाही. २०१५ मधील ब्रिटिश चाचणीत जोर केल्यानंतर लगेच रुग्णास आडवे करून पाय उचलल्यास ४३ टक्के रुग्णांत लय पूर्ववत झाली. नुसत्या जोराने हे प्रमाण १७ टक्के होते.

निष्कर्ष

साधने आली, तरी निदान चुकणे थांबले नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०७ पैकी ५९ रुग्णांचा विकार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. त्यांपैकी ३२ जणांची लक्षणे चिंता, ताण किंवा भीतीच्या विकारात जमा केली गेली. स्त्रियांच्या बाबतीत असे अधिक घडले. झटका ओसरल्यावर घेतलेला आलेख निर्दोष असू शकतो. अशा वेळी ‘धडधड एकदम सुरू झाली, एकदम थांबली’ हे रुग्णाचे कथन हाच निदानाचा पहिला पुरावा ठरतो. तो गांभीर्याने घेतला, तरच दीड शतकाच्या या संशोधनाचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचतो.